गरीब असूनही अपात्र का? खानापूरच्या एका घराचे कागद पाहून

प्रश्न कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: घरात वडील, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. आई गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार बंद. वहिनी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली, तिचे नाव अजून आमच्या रेशन कार्डावर चढलेले नाही. कार्ड आधी बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचे) होते, आता एपीएल (रेषेवरचे) झाले. वडील ६७ वर्षांचे, त्यांचा पेन्शनचा अर्ज परत आला. शेजारच्या काकांकडे ट्रॅक्टर आहे, तरी त्यांना सगळे मिळते. हे ठरवते कोण, आणि आम्ही मराठी म्हणून वगळले जातो का?

मी महसूल खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लोकांचे असेच कागद पाहतो. तुम्ही उतारा, जुने कार्ड आणि परत आलेला अर्ज पाठवलात म्हणून नेमके बोलता येते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमच्या घरात येऊन, चूल पाहून, "हे गरीब आहेत, यांना द्या" असे ठरवणारा कोणी साहेब नाही. पात्रता माणसाची ठरत नाही, नोंदीची ठरते. तुमचे कुटुंब म्हणजे कोण, ते राहते कुठे, आणि वगळण्याच्या कुठल्या यादीत त्यातल्या कोणाचे नाव लागते, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे खरोखर हातावर पोट असलेले घर बाहेर राहते आणि बरे चाललेले घर आत बसते. हा अन्याय आहेच. पण तो दूर करायचा तर नोंद कुठे अडली ते शोधावे लागते, आणि तुमच्या घराची नोंद एकाच वेळी चार ठिकाणी अडली आहे.

सगळ्याचे मूळ रेशन कार्ड. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात असे आहे की घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख. कर्नाटकाने २०२३ मध्ये गृहलक्ष्मी आणली ती याच नोंदीवर उभी केली. कार्डावर जी यजमानी, म्हणजे कुटुंबप्रमुख बाई, तिलाच महिन्याला २००० रुपये. एका घरात एकच बाई. म्हणून सासू यजमानी असेल तर पैसे सासूला, सुनेला नाही. त्या वेळी गावोगावी घरात वाद झाले, कार्डे वेगळी करण्यासाठी रांगा लागल्या, ते तुम्हाला आठवत असेल.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते, म्हणून ठासून सांगतो: गृहलक्ष्मीला बीपीएल लागत नाही. अंत्योदय, बीपीएल, एपीएल, तिन्ही कार्डे चालतात. तुमचे कार्ड एपीएल झाले म्हणून ते दोन हजार थांबलेले नाहीत. ते थांबले कारण यजमानी वारली. ही रक्कम वारसाहक्काने पुढच्या बाईकडे जात नाही. आईचे नाव मृत्यू दाखला देऊन कमी करायचे, नवी यजमानी कार्डावर यायची, आणि तिच्या नावाने नवा अर्ज करायचा. तुमच्या घरात दुसरी बाईच कार्डावर नाही. म्हणजे वहिनींचे नाव चढत नाही तोवर गृहलक्ष्मीच्या हिशेबात तुमच्या घरात बाईमाणूसच नाही. आईच्या निधनानंतर तिच्या खात्यावर एखादा हप्ता आला असेल तर तो काढू नका, सीडीपीओ, म्हणजे तालुक्याच्या बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी कळवा. पुढे तीच रक्कम वसुलीला निघते.

आता वहिनींचे. सीमाभागातल्या निम्म्या तक्रारी या एका गाठीपाशी येऊन थांबतात. आपल्याकडे सोयरीक शिनोळी, चंदगड, गडहिंग्लज, कागलशी होते. राज्याची हद्द लग्न ठरवताना कोणी पाहत नाही. पण मुलगी इकडे आली तरी तिचे नाव माहेरच्या कार्डावर तसेच राहते, कारण तिकडे तिच्या वाट्याचे धान्य सुरू असते आणि नाव कमी करायला कोणाला घाई नसते. इकडे अर्ज केला की आधार क्रमांकावरून संगणक सांगतो, हे नाव दुसऱ्या कार्डावर आहे. अर्ज तिथेच अडतो, आणि खिडकीवरचा माणूस फक्त एवढेच म्हणतो, "होत नाही."

"एक देश एक रेशन कार्ड" आहे ना, मग का अडते, असे तुम्ही विचारले आहे. ती सोय धान्य उचलण्यापुरती आहे. महाराष्ट्राच्या कार्डावर केंद्राचे धान्य बेळगावात उचलता येते, पण त्याने कोणी कर्नाटकातले कुटुंब होत नाही. गृहलक्ष्मीला कर्नाटकाचेच कार्ड लागते.

तर क्रम असा धरा. वहिनींच्या वडिलांनी किंवा भावाने चंदगड तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव कमी करण्याचा अर्ज द्यायचा आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात घ्यायचा. नुसते "कमी झाले" असे तोंडी ऐकून परत येऊ नका. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती करून घ्या, आधारवरचा पत्ता लग्नाच्या दाखल्याच्या आधारे बदला. तेवढ्यात वहिनींचे नावही तपासा. आपल्यात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बँकेत माहेरच्या आडनावाचे दुसरे, लग्नपत्रिकेवर तिसरे. घरात हाक कुठल्याही नावाने मारा, पण आधार, कार्ड आणि बँक या तिन्हीकडे एकच नाव, एकाच क्रमाने हवे. कन्नडात नोंद करताना आडनाव आधी जाते, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे नुसते आद्याक्षर होते, आणि मग जुळत नाही. अर्ज भरणाऱ्याच्या शेजारी बसून पडद्यावरचे नाव अक्षर अक्षर वाचून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर येणारा माणूस सोबत न्या.

कार्डात नाव घालण्याची सोय कायम सुरू नसते, मध्येच काही दिवस उघडते. त्या दिवशी ग्राम वन किंवा कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रात सगळे कागद घेऊन हजर असलेला माणूस पुढे जातो. चंदगडचा दाखला आणायला सुरुवातच त्या दिवशी केली तर पुढच्या खेपेपर्यंत थांबावे लागते.

वहिनींच्या बाबतीत आणखी एक अडथळा येणार आहे, तो आताच सांगतो. नियम असा की यजमानी किंवा तिचा नवरा आयकर भरणारा अथवा जीएसटीचे विवरण भरणारा असेल तर गृहलक्ष्मी नाही. तुमच्या भावाने गाडीच्या कर्जासाठी विवरणपत्र भरले, त्यात कर शून्य होता, असे तुम्ही लिहिले आहे. शून्याचे विवरण भरणारा म्हणजे कर भरणारा नव्हे. पण याद्या जुळवताना अशी नावे अडकलेली मी वारंवार पाहिली आहेत. कर्ज मिळवून देणारा एजंट विवरणपत्र भरून देतो, घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. भावाने त्या विवरणपत्राची पोच काढून ठेवावी, त्यावर देय कर शून्य दिसला पाहिजे, आणि वहिनींचा अर्ज अडला तर तीच पोच जोडून सीडीपीओंकडे लेखी हरकत द्यावी. जीएसटीची नोंदणी मात्र कोणाच्या सांगण्यावरून उगाच करून ठेवू नका. तिथे शून्य उलाढाल आहे हे सांगून भागत नाही.

कार्ड एपीएल का झाले, हे तुमच्या उताऱ्यावरून दिसते. बीपीएलसाठी कर्नाटकात वगळण्याचे निकष आहेत: वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांवर, घरात कोणी आयकर किंवा जीएसटी भरणारे, कायम सरकारी नोकर, तीन हेक्टरांहून जास्त कोरडवाहू जमीन किंवा तेवढ्या मोलाची बागायत, शहरात हजार चौरस फुटांहून मोठे पक्के घर, आणि पांढऱ्या पाटीची चारचाकी. इथेच तुमच्या काकांच्या ट्रॅक्टरचे उत्तर आहे. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायचे एक वाहन, म्हणजे ट्रॅक्टर, टॅक्सी, मॅक्सीकॅब, या अटीतून सोडलेले आहे. काका नियमात बसतात. त्यांच्यावर तक्रार करून तुमचे कार्ड परत येणार नाही, आणि भाऊबंदकी मात्र कायमची होईल.

तुमचे अडले आहे ते जमिनीवर. तीन हेक्टर म्हणजे साडेसात एकरांना थोडे कमी. तुमच्या उताऱ्यावर नऊ एकर आहे, आणि नावे तीन: वडील आणि दोन चुलते. प्रत्यक्ष कसता तीन एकर. वाटणी घरात, तोंडी, आजोबांच्या काळात झाली, बांध पडले, पण कागदावर क्षेत्र एकत्रच. अशा उताऱ्यावर कोणाचा वाटा किती हे लिहिलेले नसले की पूर्ण क्षेत्र एकेका नावावर मोजले जाते. म्हणजे तीन एकरांचे तीन संसार संगणकात नऊ-नऊ एकरांचे तीन जमीनदार होतात. खानापूरच्या पश्चिमेकडे, जिथे पिढ्यान् पिढ्या उतारे फोडलेले नाहीत, तिथे हे घरोघरी आहे. आणखी एक पाहा, उताऱ्यात पाण्याचे साधन काय लावले आहे. पावसावरचे भात असताना बागायत लागले असेल तर तीन हेक्टरांची मर्यादा आणखी खाली येते. चिकोडी, रायबागकडे उसाचे पट्टे आहेत, तिथे ते बरोबर असते. जांबोटीच्या डोंगराळ शेताला ते लागले असेल तर चूक आहे आणि ती दुरुस्त करून मागता येते.

यावरचा पक्का उपाय म्हणजे वाटणी नोंदवून पोडी, म्हणजे मोजून ज्याच्या त्याच्या वाट्याचा उतारा वेगळा, करून घेणे. त्याला मोजणी, तिघांच्या सह्या आणि वेळ लागतो. तोवर हात बांधून बसू नका. तलाठ्यांकडून, आता त्यांचे पद ग्राम प्रशासकीय अधिकारी झाले आहे, प्रत्यक्ष कबजाचा आणि वाट्याचा जबाब-पंचनामा करून घ्या, चुलत्यांचे संमतीपत्र जोडा आणि तहसील कार्यालयाच्या आहार (पुरवठा) शाखेत कार्ड पूर्ववत करण्याचा अर्ज द्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर बीपीएल कार्डे रद्द किंवा एपीएल झाली होती, मोठी ओरड झाली आणि सरकारने आयकर भरणारे व सरकारी नोकर सोडून बाकीची परत द्यायला सांगितली. कार्ड एकदा गेले म्हणजे गेलेच असे नाही. आणि त्यासाठी झगडण्यात अर्थ आहे, धान्यापेक्षाही दवाखान्यासाठी. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत, एपीएलला खर्चाच्या ३० टक्केच, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. वडिलांचे वय पाहता हा फरक तुमच्यासाठी सर्वांत मोठा आहे.

वडिलांच्या पेन्शनचा अर्ज मात्र वेगळ्या कारणाने परत आला आहे. ६५ पूर्ण झालेल्यांना संध्या सुरक्षा ही राज्याची पेन्शन, महिन्याला १२०० रुपये. त्यात उत्पन्न पाहतात ते नवरा-बायकोचे मिळून, आणि मर्यादा वर्षाला ३२ हजारांची. मिळवत्या मुलाची कमाई त्यांच्या उत्पन्नात धरायची नसते. तुमच्या अर्जावर शेरा आहे "कुटुंबाचे उत्पन्न जास्त", आणि त्याला आधार घेतला आहे भावाने कर्जासाठी काढलेल्या उत्पन्न दाखल्याचा. प्रत्येक दाखल्याला आरडी नंबर असतो, तो नाडकचेरीच्या, म्हणजे तहसीलखालच्या महसूल कार्यालयाच्या, नोंदीत राहतो. भावाच्या दाखल्यावर दीड लाख आहे, आणि तो सगळ्या घराचा म्हणून वाचला गेला. अर्ज पुन्हा करताना वडिलांच्या एकट्याच्या नावाने नवा उत्पन्न दाखला मागा. उत्पन्नाचे साधन लिहिताना "तीन एकर कोरडवाहू, स्वतःचा वाटा" एवढे स्पष्ट लिहा.

या ३२ हजारांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. रोजगार हमीचा कर्नाटकातला २०२५-२६ चा रोज ३७० रुपये होता. वर्षाचे शंभर दिवस पूर्ण भरले तर ३७ हजार होतात. म्हणजे सरकारने ठरवलेल्या मजुरीवर, सरकारनेच दिलेले काम पूर्ण केलेला म्हातारा सरकारच्याच पेन्शनला श्रीमंत ठरतो. ३२ हजार म्हणजे दिवसाला ८८ रुपयेसुद्धा नाहीत. प्रत्यक्षात तलाठी आणि सर्कल समजून घेतात, ३० हजार, २८ हजार असे आकडे लिहितात, म्हणून लाखो म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते. पण त्यामुळे सगळे त्या माणसाच्या मर्जीवर येते. त्याने खरा आकडा लिहिला तर माणूस बाहेर, आणि बाहेर गेलेल्याने तक्रार तरी कशाची करायची? मर्यादा वाढवा ही मागणी ग्रामसभेतून, आमदारांकडून सतत जायला हवी.

पैसे मंजूर होऊनही मिळत नाहीत, असाही प्रकार असतो. निपाणी भागातल्या विड्या वळणाऱ्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. गृहलक्ष्मी मंजूर, संगणकावर हप्ते जमा झालेले दिसतात, पासबुकात दमडी नाही. सगळ्यांनी त्यांना सांगितले, मधल्यांनी खाल्ले. पासबुक, आधार आणि मोबाईल घेऊन बसलो, आधारला शेवटची कुठली बँक जोडली आहे ते पाहिले. निघाली कागलकडची एक बँक, बचत गटासाठी कधीकाळी अंगठा देऊन उघडलेले खाते. सगळे हप्ते तिथे साठून राहिले होते. थेट जमा होणारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. वहिनींचे माहेरचे खाते असणारच. नवा अर्ज करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत ही जोडणी बघून घ्या.

बाकी योजनांचे दोन शब्दांत. मोफत विजेच्या गृहज्योतीला कार्ड लागत नाही, भाडेकरूलाही मिळते. २०२२-२३ च्या तुमच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून तेवढी युनिट मोफत, आणि २०० च्या वर गेलात तर त्या महिन्याचे पूर्ण बिल. बायकांना एसटी मोफत करणाऱ्या शक्ती योजनेत कर्नाटकाचा पत्ता असलेले ओळखपत्र लागते, म्हणून वहिनींना आज तिकीट काढावे लागते, पत्ता बदलला की लागणार नाही. युवानिधीचा, म्हणजे बेरोजगार पदवीधरांच्या भत्त्याचा, प्रश्न तुम्ही स्वतःसाठी विचारला आहे. त्यात पदवी-पदविकेपर्यंत कर्नाटकात किमान सहा वर्षे शिकलेले असावे लागते, आणि पदवी मिळून १८० दिवस नोकरी नसावी. खानापुरात बारावीपर्यंत शिकून कोल्हापूरला पदवी घेणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

महाराष्ट्राच्या योजनांबद्दलही विचारलेत. लाडकी बहीण महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी आहे, सीमाभागातल्या बाईला ती लागू होत नाही. वहिनींचे नाव माहेरी ठेवून तिकडे १५०० आणि इकडे २००० घ्यावे असे सुचवणारे भेटतील. दोन्हीकडे आधार एकच आहे. सापडल्यावर वसुली होते आणि दोन्हीकडचे जाते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र वेगळी. महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली, कर्नाटक सरकारने त्याला विरोधही केला. तिथे पहिली अट गावाची आहे, तुमचे गाव त्या यादीत आहे का ते बघून ठेवा.

आता तुमचा शेवटचा आणि मनाला लागलेला प्रश्न, मराठी म्हणून वगळतात का. वर सांगितलेल्या एकाही नियमात भाषेची अट नाही, आणि तुमचे चारही अडथळे तुमच्या शेजारच्या कन्नड घरालाही तसेच आले असते. पण भाषेमुळे नुकसान होत नाही असे मी म्हणणार नाही. नोटीस कन्नडात येते, मोबाईलवरचा संदेश कन्नडात येतो, ई-केवायसीची मुदत कन्नडात जाहीर होते, आणि आमच्या म्हाताऱ्यांना ती निघून गेल्यावर कळते. तुमच्या वडिलांच्या अर्जावरचा शेरासुद्धा घरात कोणाला वाचता आला नाही, म्हणून तो इतके महिने पडून राहिला. याबाबतीत तुमचा एक हक्क आहे आणि तो वापरा. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठीत दिलेले निवेदन घेत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. मी मात्र मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडायला सांगतो, कारण आपल्याला हक्क सिद्ध करण्याइतकीच पेन्शनही हवी आहे.

तोंडी नकार कधीही घेऊ नका. "होत नाही" म्हटले तर "का होत नाही ते लिहून द्या" म्हणा, नम्रपणे, पण टेबलासमोरून न हलता. कर्नाटकात २०११ चा सकाल कायदा आहे. त्यात येणाऱ्या सेवांना मुदत ठरलेली आहे, अर्जाची क्रमांकासह पोच मिळते, आणि मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण ती मागितल्यावर उशीर कोणामुळे झाला हे लेखी येते. तलाठ्यांनी तुमच्याबद्दल काय अहवाल दिला ते कळत नसेल तर माहिती अधिकारात त्याची प्रत मागा, ३० दिवसांत द्यावी लागते.

सुरुवात चंदगडपासून करा, कारण तिथला दाखला आल्याशिवाय इकडचे पान हलत नाही. तो येईपर्यंत वडिलांचा उत्पन्न दाखला आणि आईचे नाव कमी करण्याचा अर्ज ही दोन कामे नाडकचेरी आणि आहार शाखेत एकाच दिवशी होतील. चुलत्यांकडे संमतीपत्राला जाल तेव्हा वडिलांना सोबत न्या, आणि त्यांनाही सांगा की उतारा फुटला तर त्यांचीही कार्डे सुटतात.